बडोद्यात पहिली प्रिंट घेताना

घरात एखादं खरं चित्र असावं असं वाटतं, पण कॅनव्हासचा भाव ऐकला की माणूस गप्प बसतो. अशांसाठी प्रिंट, म्हणजे कलाकाराने छापण्यासाठीच तयार करून कागदावर काढलेलं चित्र, हा सरळ रस्ता आहे, आणि बडोदेकराला त्यासाठी मुंबई-दिल्लीकडे पाहायचंही कारण नाही. महाराजा सयाजीराव विद्यापीठाची फाइन आर्ट्स फॅकल्टी 1950 साली सुरू झाली. इंदूरचे ना. श्री. बेंद्रे इथे चित्रकला शिकवायला आले, के. जी. सुब्रमण्यन आले. पहिल्या विद्यार्थ्यांपैकी ज्योती भट्ट पुढे न्यूयॉर्कच्या प्रॅट इन्स्टिट्यूटमध्ये शिकून परतले आणि त्यांच्या एचिंग्जनी, म्हणजे धातूच्या प्लेटवरून काढलेल्या प्रिंट्सनी, या शहराचं नाव प्रिंटच्या नकाशावर नेलं. विद्यापीठाबाहेर ‘छाप’ ही प्रिंटमेकिंगची कार्यशाळा 1999 पासून आहे. थोडक्यात, प्रिंट जिथे तयार होते त्या गावात आपण राहतो. तरी आपल्यातले बरेच जण ऑनलाइन दुकानातून चकचकीत फ्रेमसकट काहीतरी मागवतात आणि त्यालाच प्रिंट समजतात. पैसे जातात ते इथे.

पायरी 1 : महिनाभर नुसतं पाहा, खिशात हात घालू नका

सुरुवात लक्ष्मीविलास पॅलेसच्या आवारातल्या महाराजा फत्तेसिंह म्युझियमपासून करा. तिथे राजा रविवर्म्याची मूळ तैलचित्रं आहेत. ती पाहून घरी या आणि देवघराजवळ, माजघरात किंवा आजोळच्या वाड्यात रविवर्म्याची जुनी लक्ष्मी-सरस्वती लटकत असेल तर ती खाली काढून नीट न्याहाळा. सयाजीराव महाराजांनी रविवर्म्याकडून पॅलेससाठी चौदा पौराणिक चित्रं काढून घेतली होती. बडोद्याचे दिवाण राहिलेले टी. माधवराव यांनीच रविवर्म्याला सुचवलं होतं, की एवढी मागणी तुम्ही हाताने पुरी करू शकणार नाही, चित्रं छापून घ्या. 1894 साली मुंबईत रविवर्म्याचा छापखाना निघाला, पुढे तो लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. तुमच्या हातातली लक्ष्मी अशाच दगडी छपाईतून आलेली असू शकते. मूळ चित्र कॅनव्हासवर, आणि कारागिरांनी दगडांवर उतरवून रंगांमागून रंग चढवलेली ही त्याची प्रत. हा फरक एकदा डोळ्यात बसला की पुढचं निम्मं काम झालं.

मग पुष्पाबागेत, म्हणजे फॅकल्टीत जा. शैक्षणिक वर्ष संपताना विद्यार्थी आपलं काम मांडतात, त्याला सगळे ‘ॲन्युअल डिस्प्ले’ म्हणतात. तारीख दरवर्षी थोडी मागेपुढे होते, तेव्हा फेब्रुवारीपासूनच चौकशी करून ठेवा. प्रिंटमेकिंगच्या विभागात गर्दी पेंटिंगपेक्षा कमी असते, आणि काम करणारी मुलं समोरच उभी असतात. त्यांना विचारायला लाजू नका. ‘ही कशी काढली?’ एवढं विचारलं की मूल अर्धा तास बोलतं, आणि ते ऐकणं कुठल्याही पुस्तकापेक्षा कामाचं. फॅकल्टीचा फाइन आर्ट्स फेअरही अधूनमधून भरतो. तो लागला तर चुकवू नका.

पायरी 2 : समोर नेमकं काय आहे ते ठरवा

बाजारात एकाच नावाखाली तीन वेगळ्या वस्तू विकल्या जातात.

पहिली : कलाकाराने लाकूड, लिनोलियम, धातूची प्लेट, दगड किंवा स्क्रीन यांवर चित्र तयार केलं आणि त्यावरून कागदावर एकेक प्रत काढली. इथे कागदावर उमटतं तेच मूळ चित्र. त्याआधी ते कुठल्याही कॅनव्हासवर नव्हतं. पंचवीस प्रती असल्या तरी पंचवीसच्या पंचवीस मूळ.

दुसरी : आधी काढलेल्या तैलचित्राचा किंवा जलरंगाचा फोटो घेऊन यंत्रावर छापलेली प्रत. ती सुंदर असू शकते, महाग कागदावर असू शकते, तिला ‘आर्काइव्हल’, ‘जिक्ले’, ‘म्युझियम क्वालिटी’ अशी नावं असतात. तरी ती प्रतच. भिंतीसाठी खुशाल घ्या, पण पोस्टरच्या भावात.

तिसरी : कलाकाराने कॉम्प्युटरवरच रचलेलं चित्र किंवा फोटोग्राफ, ज्याला छापील रूपाशिवाय दुसरं रूपच नाही. हेही मूळच. डिजिटल म्हटलं की नाक मुरडणारे पुष्कळ भेटतात, पण आजचे कितीतरी गंभीर कलाकार याच वाटेने काम करतात.

म्हणून यंत्र वापरलं की हात, हा प्रश्न दुय्यम. विचारायचं ते एवढंच : याच्या आधीचं मूळ चित्र दुसरीकडे कुठे आहे का? विकणारा ‘हो, ते कलाकाराकडे आहे, कॅनव्हासवर’ म्हणाला, तर तुम्ही प्रत घेताय.

पायरी 3 : भिंग आणि तिरका उजेड

घड्याळजीकडे असतं तसलं दहापट मोठं दाखवणारं भिंग घ्या. ते खिशात असलं की विकणाऱ्याची भाषाही जरा जपून येते.

ऑफसेटवर छापलेली प्रत भिंगाखाली लगेच सापडते. निळा, किरमिजी, पिवळा, काळा अशा बारीक ठिपक्यांची फुलं एकसारख्या अंतरावर दिसतात. इंकजेटची प्रत म्हणजे शाईचा बारीक फवारा, कडा किंचित धुरकट. घरातल्या जुन्या रविवर्मा छापावरही ठिपके दिसतील, पण ते हाताने दगडावर दिलेले, कुठे दाट कुठे विरळ. ऑफसेटची एकसारखी फुलं दिसली तर ‘पणजोबांनी आणलेली’ ती तसबीर बहुधा अलीकडची पुनर्छपाई आहे. ही बातमी घरच्या वडीलधाऱ्यांना कधी सांगायची, सांगायची की नाही, ते ज्याने त्याने ठरवावं.

आता हाताने काढलेल्या प्रकारांकडे.

वुडकट आणि लिनोकटमध्ये जे कोरून काढलं ते पांढरं राहतं आणि जे उभं राहिलं त्यावर रोलरने शाई लागते. रेषा ठसठशीत असतात, काळ्या-पांढऱ्याचा जोर असतो. लाकडावरची असेल तर काळ्या भागात बऱ्याचदा लाकडाच्या रेषा दिसतात, लिनोत तो भाग सपाट येतो. नवख्यासाठी मी पहिली पसंती यालाच देईन. काय चाललंय ते डोळ्याला कळतं, आणि भावही बहुतेक वेळा हलका असतो.

एचिंग याच्या बरोबर उलट. झिंकच्या किंवा तांब्याच्या प्लेटवर मेण-डांबराचा थर देतात, त्यावर सुईने चित्र काढतात आणि प्लेट ॲसिडमध्ये सोडतात. जिथे सुई लागली तिथे ॲसिड धातू खातं आणि खाच पडते. मग पूर्ण प्लेटवर शाई चोळून कापडाने पुसून घेतात, खाचेत तेवढी उरते. ओला कागद ठेवून, वर जाड नमदे घालून प्लेट प्रेसच्या रोलरखालून काढली की कागद खाचेत शिरतो आणि शाई उचलून आणतो. एवढ्या दाबामुळे प्लेटची कड कागदात रुतते. चित्राभोवती ती दबलेली चौकट तिरक्या उजेडात स्पष्ट दिसते. रेषाही कागदावर किंचित उठून आलेल्या दिसतात. बोटाने चाचपू नका, नुसता कागद उजेडाकडे तिरपा धरायला सांगा. जलरंगासारख्या करड्या छटा दिसल्या तर ते ॲक्वाटिंट. त्यात प्लेटवर राळेची पूड वितळवून चिकटवलेली असते, आणि ॲसिड त्या कणांच्या मधून मधून खातं.

एचिंगच्या घराण्यातच व्हिस्कॉसिटी येते. एकाच प्लेटवर कमी-जास्त तेलाच्या शाया मऊ आणि कडक रोलरने लावतात. त्या एकमेकींत मिसळत नाहीत, त्यामुळे एकाच दाबात अनेक रंग येतात. पॅरिसमधल्या हेटर यांच्या ‘आतेलिए 17’ या प्रिंटच्या कार्यशाळेत हे तंत्र घडवणाऱ्यांत आपले कृष्णा रेड्डी होते. असं काम समोर आलं तर थोडा जास्त वेळ थांबा. प्लेटचे खोल आणि उथळ भाग वेगवेगळे रंग धरून बसलेले दिसतात, आणि ते फोटोत कधीच नीट येत नाही.

लिथोग्राफ म्हणजे दगडावर तेलकट खडूने काढलेलं चित्र. तेल आणि पाणी एकमेकांना धरत नाहीत एवढ्याच गोष्टीवर ते चालतं. 1790च्या दशकाच्या शेवटी बव्हेरियात झेनेफेल्डरने ते शोधलं. खडूचा दाणेदार पोत तसाच उतरतो आणि एचिंगसारखी खोल चौकट नसते. सेरिग्राफमध्ये जाळीच्या स्क्रीनमधून रंग खाली ओढतात. रंगाचे सपाट, अपारदर्शक थर एकावर एक बसलेले असतात आणि त्यांची जाडी कडेला दिसते. लग्नपत्रिका याच पद्धतीने छापून घेतलेल्या माणसाला वेगळं सांगायला नको.

पायरी 4 : खालची पेन्सिलची ओळ वाचा

चित्राच्या खाली, सहसा डावीकडे अपूर्णांक, मधे शीर्षक, उजवीकडे सही आणि साल. पेन्सिलने, कारण पेनची शाई फिकी पडते, पसरते. 7/25 म्हणजे पंचवीस प्रतींच्या एडिशनमधली ही सातवी.

यावरून एक गैरसमज फार पसरलाय : आकडा जितका लहान तितकी प्रत भारी. वुडकट, लिथो, सेरिग्राफ, साधं एचिंग यांत याला फारसा अर्थ नाही. प्रती सुकल्यावर गठ्ठ्यातून उचलून आकडे घालतात, छापल्याचा क्रम कुणी पाळतोच असं नाही. अपवाद ड्रायपॉइंटचा. त्यात ॲसिड नसतं, सुईने धातू थेट ओरखडतात आणि खाचेच्या कडेला धातूची बारीक कोर उभी राहते. ती शाई धरते म्हणून रेषेला मखमलीची साय येते. प्रत्येक दाबात ती कोर चेपत जाते, त्यामुळे सुरुवातीच्या प्रती खरोखरच जास्त भरदार असतात. ड्रायपॉइंटची एडिशन लहान ठेवतात ती यामुळेच.

आकड्याऐवजी ‘ए/पी’ असेल तर ती कलाकाराने स्वतःसाठी राखलेली प्रत. साधारणपणे एडिशनच्या दहा टक्क्यांपर्यंत अशा प्रती असाव्यात असा रिवाज आहे. त्या विकायला येतात, त्यात गैर काही नाही. पण वीसच्या एडिशनला पंधरा ए/पी निघाल्या, तर वीसचा अर्थ काय उरला? 1/1 लिहिलेलं असेल तर त्या प्लेटवरून तशी एकच प्रत आहे.

आणि सही-आकडा दिसला म्हणून खात्री झाली असं मानू नका. ऑफसेटवर छापलेल्या पाचशे पोस्टरवर पेन्सिलने सही घेऊन ‘लिमिटेड एडिशन’ म्हणून विकणं अवघड नाही. तिथे भिंग खरं बोलतं.

पायरी 5 : विचारा, आणि उत्तर लिहून घ्या

तंत्र कोणतं, कागद कोणता, साल कोणतं, एडिशन केवढी, ए/पी किती, प्रती कलाकाराने स्वतः काढल्या की प्रिंटरने, आणि हेच चित्र दुसऱ्या आकारात किंवा दुसऱ्या कागदावर आणखी निघालंय का. शेवटचा प्रश्न डिजिटल प्रिंटसाठी फार महत्त्वाचा आहे, कारण ए-फोरमध्ये पन्नास, ए-थ्रीमध्ये पन्नास आणि मोठ्या आकारात दहा, असं करत ‘लिमिटेड’ची मर्यादाच निघून जाते. प्लेटवरून काढलेल्या प्रिंटबाबत विचारा की एडिशन पुरी झाल्यावर प्लेटचं काय केलं. पूर्वीपासूनची पद्धत म्हणजे तिच्यावर आडव्या रेघा मारून ती बाद करायची.

विकणारा या प्रश्नांना कंटाळला तर उठा. ज्याने रात्ररात्र प्लेट घासली त्याला हे प्रश्न आवडतात.

पायरी 6 : कागद तपासा

फ्रेम केलेली असेल तर उघडून दाखवायला सांगा. चारी बाजूंचा समास शाबूत हवा. फ्रेममध्ये बसवायला कापलेला असेल तर किंमत पडते. कागद उजेडासमोर धरून तांबूस डाग, भोकं, घड्या पाहा. मागच्या बाजूला सेलोटेपचे पिवळे पट्टे, फेव्हिकॉल, किंवा पुठ्ठ्यावर सपाट चिकटवलेली प्रिंट दिसली तर सोडून द्या. लॅमिनेट केलेली असेल तर तो विषय तिथेच संपला. एचिंग-लिथोचा चांगला कागद सुती आणि आम्लरहित असतो. कागदाची थोडी वेडीवाकडी कड हा दोष नाही, बरेच कलाकार ती मुद्दाम राखतात.

पायरी 7 : भाव आणि बिल

विद्यार्थ्याची लहान वुडकट किंवा एचिंग काही हजारांत मिळू शकते. नावाजलेल्या कलाकाराच्या प्रिंटची गोष्ट वेगळी, पण त्याच कलाकाराच्या कॅनव्हासपेक्षा ती खूपच खाली असते. भाव ठरतो तो कलाकार, एडिशनचा आकार, तंत्र, प्रिंटचा आकार आणि कागदाची स्थिती यांवर.

खंडेराव मार्केटमध्ये ‘केटला?’ करून भाव निम्म्यावर आणतो तसं डिस्प्लेत उभ्या असलेल्या मुलाशी करू नका. झिंक, कागद, शाई सगळं त्याने खिशातून आणलेलं असतं. दोन घेतो, काही कमी होईल का, एवढं विचारणं रास्त आहे. गॅलरीशी मात्र मोकळेपणाने बोला. त्यांच्या भावात त्यांचा वाटा धरलेला असतो.

गॅलरीकडून पक्कं बिल घ्या. मूळ प्रिंटवर जीएसटी आता 5 टक्के आहे, सप्टेंबर 2025च्या कपातीआधी तो 12 होता. विद्यार्थ्याकडे जीएसटी नंबर नसेल, हरकत नाही. साध्या कागदावर नाव, शीर्षक, तंत्र, एडिशनचा आकडा, रक्कम, तारीख आणि सही घ्या, पैसे यूपीआयने द्या. विकत घेतलेली प्रिंट तुमची, पण तिच्या प्रतिमेवरचा हक्क कलाकाराचाच. दुकानाच्या कॅलेंडरवर किंवा लग्नपत्रिकेवर छापायची असेल तर परवानगी लागते.

‘पुढे भाव वाढेल’ हे वाक्य कानावर आलं की सावध व्हा. तरुण कलाकारांतले कितीतरी पाच वर्षांत जाहिरात क्षेत्रात किंवा शाळेत नोकरीला लागतात. रोज पाहावीशी वाटेल तीच घ्या. हा माझा हट्ट आहे, सगळ्यांना पटेलच असं नाही.

पायरी 8 : फ्रेम, आणि बडोद्याचा पावसाळा

चांगली प्रिंट बिघडते ती बहुतेक वेळा फ्रेमवाल्याकडे. देवाच्या तसबिरी करणारा नेहमीचा दुकानदार प्रेमाने काम करतो, पण त्याची पद्धत म्हणजे प्रिंट पुठ्ठ्यावर चिकटवायची, समास कापायचा आणि काच थेट वर बसवायची. त्याला समोर उभं राहून चार गोष्टी सांगा. चिकटवायचं नाही, फक्त वरच्या दोन कोपऱ्यांना पातळ जपानी कागदाच्या पट्ट्या गव्हाच्या खळीने लावून टांगायचं. खळ घरीही होते. मागे-पुढे आम्लरहित माउंट बोर्ड. काच आणि कागद यांच्यात माउंटची जाडी राहिलीच पाहिजे, नाहीतर दमट हवेत शाई काचेला धरते. पेन्सिलची ओळ माउंटखाली झाकायची नाही.

जागा निवडताना पश्चिमेच्या खिडकीसमोरची भिंत टाळा. मे महिन्यातलं बडोद्याचं ऊन एका मोसमात रंग उडवतं. बाहेरच्या बाजूने पाऊस खाणारी भिंतही नको. तिथेच लावायची असेल तर फ्रेमच्या मागे कोपऱ्यांत बुचाचे तुकडे लावा, म्हणजे हवा खेळते. सप्टेंबर संपता संपता फ्रेम उतरवून मागची बाजू एकदा पाहा. कसर आणि बुरशी दोन्ही तिथूनच सुरू होतात.

फ्रेम न करता ठेवायची असेल तर आम्लरहित कागदात, आडवी, फोल्डरमध्ये. दिवाणाच्या खणात मात्र नको. ऑगस्ट 2024मध्ये विश्वामित्रीचं पाणी सोसायट्यांत शिरलं तेव्हा तळमजल्यावरचं सगळ्यात आधी भिजलं ते दिवाणातलं. मगरी आल्या त्याच्या बातम्या झाल्या, भिजलेल्या कागदांच्या झाल्या नाहीत. कपाटाचा वरचा कप्पा रिकामा करा.

पायरी 9 : परदेशातल्या मुलांना पाठवायची असेल तर

हे बडोद्यात लिहावंच लागतं. समकालीन प्रिंट पाठवायला अडचण नाही, बिलाची प्रत सोबत द्या. आम्लरहित कागदात गुंडाळून रुंद, निदान सहा इंची नळीत घाला. अरुंद नळीत जाड सुती कागद मोडतो आणि एचिंगची शाई तडकते. काचेची फ्रेम पाठवू नका, तिकडे करून घेऊ दे. पणजोबांची शंभर वर्षांहून जुनी रविवर्मा तसबीर मात्र बॅगेत टाकून देऊ नका. शंभर वर्षांपूर्वीच्या कलावस्तूंना 1972चा पुरावस्तू कायदा लागू होतो, आणि त्या देशाबाहेर न्यायच्या असतील तर आधी पुरातत्त्व खात्याकडे चौकशी करावी लागते.